डावा कौल

भिकाजी मांडवकरांच्या घरात देवीला न विचारता फक्त स्वयंपाक होत असे. विहीर कुठे खणायची, थोरल्या नितेशने बोटीवरची नोकरी धरायची की नाही, सगळं वाडीच्या देवळात जाऊन ठरायचं. गुरव देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हातखंब्यापासून चार-पाच किलोमीटर आत असलेल्या त्या वाडीत अजूनही असाच कौल लावतात.

त्यामुळे धाकट्या वैष्णवीने यंदाचा बेत सांगितला तेव्हा भिकाजींच्या मनात पहिल्यांदा देऊळच आलं.

वैष्णवी तिशीची. मनालीला स्कीइंग शिकली आणि गेले चार हिवाळे तिथेच शिकवत होती. ते भिकाजींनी खपवून घेतलं होतं, कारण तिथे माणसं असतात, चहाची टपरी असते. यंदाचं वेगळं होतं. मनालीहून लेहला जाणारा महामार्ग हिवाळ्यात दारचा गावाच्या पुढे बंद होतो. त्या बंद रस्त्याच्या कडेकडेने, स्की लावून, तंबू पाठीवर घेऊन आठवडाभर जायचं. पाच जणांचं पथक, आणि वाट दाखवणारी वैष्णवी. हे काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. सराव म्हणून ती रोज सकाळी सॅकमध्ये जांभा चिरा घालून वाडीवरच्या कातळपठारावर, सड्यावर, चढायची, आणि वाटेत भेटणारं माणूस हटकून विचारायचं, "काय गो, घर बांधायला काढलंस काय?"

"स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची," तिने बापाला समजावलं. "मग चढताना मागे घसरायला होत नाही. माथ्यावर पोचलं की पट्टी सोलून काढायची आणि घसरत खाली."

"आणि रस्ता?"

"रस्ता बर्फाखाली."

"आणि माणसं?"

"आम्हीच."

भिकाजींनी मोहरावर फवारायचा पंप खाली ठेवला. त्यांना घसरण्याची भीती नव्हती. डोंगराची अख्खी बाजू सुटून खाली येते हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. पोरगी हट्टी होती आणि तो हट्ट आपल्याकडूनच गेलाय हे त्यांना ठाऊक होतं. वर काही बिनसलं तर ही मागे फिरेल का, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

"कौल लावूया," ते म्हणाले.

"लावा. डावा आला तर नाही जाणार."

इतक्या पटकन ती कबूल होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी रावजी गुरवाने पाकळ्या लावल्या. माघ नुकताच लागला होता, गाभाऱ्यात गारवा होता. वैष्णवीची आई, सावित्रीकाकू, पदर धरून उभ्या. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावीकडची पाकळी सुटली आणि पाषाणावरून घरंगळत खाली आली.

भिकाजींना हायसं वाटलं, आणि लगेच लेकीच्या चेहऱ्याकडे बघवेना.

रावजीलाही बघवेना. "भिकाजीदादा, सवाल फिरवून विचारू," तो म्हणाला. "जाऊ का म्हणून नको. पुढच्या वाराला जाऊ का म्हणून विचारू. सगळे विचारतात. सरपंचाने तर तीन वेळा विचारलान."

सावित्रीकाकूंनी मान डोलावली. नकार त्यांनाही हवा होता, पण पोरीचं तोंड उतरलेलं त्यांना सोसवेना. भिकाजीही म्हणणार होते, विचार. तेवढ्यात वैष्णवी बोलली.

"नको रावजीदादा."

"अगो, देवी काय रागावत नाय."

"प्रश्न देवीचा नाही. आम्हीही वर कौल लावतो. उतारावर जायच्या आधी बर्फात खड्डा खणायचा, बर्फाचा एक खांब कापून मोकळा करायचा आणि वरून थापट्या मारायच्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. थर लवकर सरकला की त्या उतारावर जायचं नाही."

"मग?"

"मग काही जण चार पावलं पुढे जाऊन दुसरा खड्डा खणतात. तिथेही सरकला तर तिसरा. मनासारखं उत्तर मिळेपर्यंत. तशांच्या बरोबर मी जात नाही."

रावजीने उरलेली पाकळी काढून घेतली. भिकाजींनी नारळ ठेवला आणि सगळे घरी आले.

दुपारी वैष्णवी सड्यावर गेली, कारण मोबाइलला रेंज तिथेच. भिकाजी सड्याच्या कडेखालच्या आंब्याच्या कलमांत फवारत होते. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे पथक नेणाऱ्या अजिंक्यचा आवाज त्यांना नीट ऐकू आला.

"पाकळी पडली म्हणून? वैष्णवी, तू चेष्टा करतेयस."

"नाही."

"बर्फाचे थर मोजणारी बाई तू! पाकळीला काय कळतं दारच्याचं?"

"पाकळीला काही कळत नाही. मी आधी कबूल केलं होतं."

"लोकांना काय सांगू मी?"

"सांग, घरून नकार आला. खोटं नाही ते."

"पुढच्या तुकडीचं मी आत्ता काही बोलत नाही हां."

"नको बोलूस."

फोन ठेवून ती तशीच कातळावर बसून राहिली. भिकाजींनी पंप मारायचं थांबवलं, पण वर गेले नाहीत.

पथक दुसऱ्याच कोणाला तरी घेऊन गेलं आणि सुखरूप परत आलं. वैष्णवीने ओटीवर बसून बापाला फोटो दाखवले. सगळीकडे पांढरं. एका फोटोत बर्फातून पिवळ्या पाटीची जेमतेम वरची कड दिसत होती.

"हा रस्ता?"

"त्याच्याही खाली."

भिकाजी फोटो सरकवत राहिले. पाचही माणसं हसत होती.

"म्हणजे काय झालं नाय कोणाला. मग देवीचं चुकलं म्हणायचं?"

"ठाऊक नाही," वैष्णवी म्हणाली. "गेल्या वर्षी मी माझ्याकडे शिकणाऱ्या सगळ्यांना एका खिंडीखालून परत आणलं. माथा समोर दिसत होता. दोघं माझ्याशी मनालीपर्यंत बोलले नाहीत. तो उतार पुढे सुटला नाहीच. मागे फिरणाऱ्याला बरोबर होतं की चूक ते कधीच कळत नाही, बाबा."

हे तिने कधी सांगितलं नव्हतं. भिकाजींनी फोन तिच्या हातात दिला आणि अंगणातली सुपारी वर-खाली करायला उठले.

फेब्रुवारीच्या शेवटी ती सड्यावर असताना अजिंक्यचा फोन आला. दुसरी तुकडी निघत होती, वाट दाखवायला माणूस नव्हता. वैष्णवीने घरी येऊन सांगितलं आणि वडिलांकडे पाहिलं.

"चल देवळात," भिकाजी म्हणाले.

"कौल?"

"कौल कशाला? गाऱ्हाणं घालू."

रावजी हात जोडून देवीसमोर उभा राहिला आणि अडला. गाऱ्हाण्यात देवीकडे काय मागायचं ते नेमकं सांगावं लागतं. "पोरीला घसरू देऊ नको म्हणू," त्याने विचारलं, "की नीट घसरू दे म्हणू?"

सावित्रीकाकूंना सुद्धा हसू आलं.

"तिचं तिला कळतं," भिकाजी म्हणाले. "बरोबरच्या मंडळींना तिचं ऐकायची बुद्धी दे म्हण."

रावजीने घसा साफ केला. "बा देवी महाराजा, ही तुझी लेक बर्फाच्या मुलखात चाललीय. बरोबरच्या मंडळींना हिचं ऐकायची बुद्धी दे रे महाराजा!"

"होय महाराजा," तिघांनी म्हटलं. वैष्णवीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.