कनेक्टर क्रमांक चौदा

गुरुवारी दुपारी साडेतीनला मी कनेक्टर क्रमांक चौदा उघडला. तो उघडायचा नव्हता.

आमचं युनिट हडपसरला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, इथे पंपांचे भाग बनत असतील. आत आम्ही तारांच्या जुड्या बांधतो, माणसं ज्यातून अंतराळात जाणार त्या यानाच्या केबिनसाठी. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कॉलेजमधून बाहेर पडले तेव्हा जन्मभर ट्रान्सफॉर्मरच बघायचे, असं धरून चालले होते आणि चार वर्षं तेच केलं. मग इथे आले. सहा वर्षं झाली. त्यातले सहा महिने बाळंतपणाच्या रजेत गेले, आणि परत येऊन जेमतेम दोन महिने होत होते.

चौदा नंबरमधून केबिनच्या पंख्याला वीज जाते. पंखा म्हटलं की लोक हसतात. पण जिथे वजनच नाही तिथे सोडलेला श्वास वरही जात नाही आणि खालीही येत नाही, तोंडासमोरच साचून राहतो. पंखा थांबला तर झोपलेला माणूस आपलाच श्वास परत परत आत घेत राहील. हे मला आधीही माहीत होतं. पण उत्कर्षा झाल्यापासून, झोपलेल्या कुणाच्याही श्वासाचा विचार मला शांतपणे करता येत नाही.

आमच्याकडे कामाची रीत ठरलेली आहे. दोघांनी मिळून करायचं. एकाने सूचना मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने हात चालवायचा आणि झालं की ‘झालं’ म्हणायचं. एकट्याने काही शिवायचं नाही. शेवटची चाचणी झाली की जोडावर लाल रंगाची पट्टी ओढतात. त्यानंतरच काय, चाचणी संपल्यावरही कुणी जोड उघडला तर ती चाचणी रद्द. सगळं पहिल्यापासून.

त्या दिवशी मी वाचत होते आणि अनंतदादांचे हात चालू होते. अनंतदादा आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. चाचणी झाली, आकडे बरोबर आले. पट्टी ओढायच्या आधी ते म्हणाले, “मॅडम, चहा घेऊन येतो, मग पट्टी ओढू.” ते गेले, आणि माझ्या मनात आलं, चौदा बसताना ‘टक्’ झालं होतं का? तेराचं आठवत होतं. पंधराचं आठवत होतं.

मी हातमोजे घातले, चौदा फिरवून उघडला, पिना पाहिल्या. सगळ्या सरळ. परत लावला. टक्.

दादा आले, त्यांनी पट्टी ओढली. आम्ही दोघांनी सह्या केल्या. मी पण केली.

स्वारगेटच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, रद्द झालेल्या चाचणीवर मी सही केली होती. जुडी सोमवारी बेंगळुरूला जाणार होती. आणि त्याच आठवड्यात, तिथे केबिनची अंतिम जोडणी करणाऱ्या तुकडीत पुण्यातून कोण जाणार, ते अमीन सर ठरवणार होते. अमीन सर म्हणजे आमचे गुणवत्ताप्रमुख. माझं नाव वर होतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. बाळंतपणाच्या आधीपासून मी त्याची वाट पाहत होते. सांगितलं तर ते गेलं. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नव्हतं. कनेक्टर ठीकच होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरी उत्कर्षा झोपली होती, माझा नवरा समाधान अजून यायचा होता. मी चप्पल काढून थेट तिच्यापाशी गेले आणि नाकाखाली बोट धरलं. तिने तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं.

“झाली खात्री?” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “झोपलेल्या लेकराला उठवून विचारायचं, झोपलीस का म्हणून.”

मी तिला खांद्यावर घेऊन तिथेच ओट्याजवळ उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. नंदाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पोळी तव्यावर टाकून त्यांनी ऐकून घेतलं.

“आमच्याकडे एकदा अशीच माझी चूक झाली,” त्या म्हणाल्या. “इंजेक्शन दिलं, आणि तक्त्यावर लिहायचं राहिलं. दुसरीने परत दिलं असतं.”

“मग?”

“घरी पोचले होते. परत गेले आणि सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“डॉक्टर महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. पेशंट चालत घरी गेला.” त्यांनी पोळी उलटली. “तुझ्या त्या यानातली माणसं कुणाची तरी असतीलच ना गं.”

शुक्रवारी सकाळी मी अमीन सरांच्या खोलीत गेले.

“बसा. मुलगी बरी आहे?”

“बरी आहे. सर, चौदा नंबर मी उघडला होता. चाचणीनंतर. पट्टीच्या आधी.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “एकटीने?”

“हो.”

“कारण?”

“टक् झालेलं ऐकलं की नाही, खात्री वाटेना.”

“आणि आत काय सापडलं?”

“काही नाही. सगळं ठीक होतं.”

“म्हणजे ठीक असलेली वस्तू उघडून, ती ठीक आहे हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही, अशी व्यवस्था आपण केलीत. इंजिनिअरिंगला चार वर्षं लागतात ती यासाठीच बहुतेक.”

त्यांनी माझ्यासमोरच बेंगळुरूला फोन लावला आणि आवाज मोठा केला. सोमवारची गाडी जाणार नाही, चाचणी परत करतोय, म्हणाले. पलीकडून एका बाईंनी एकच विचारलं, “कुणाच्या लक्षात आलं?”

“जिने केलं तिनेच सांगितलं.”

“बरं. अहवाल पाठवा.”

खरी लाज अनंतदादांसमोर वाटली. ते ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, “माझी पण सही आहे त्यावर, मॅडम. बावीस वर्षांत माझी सही खोटी नव्हती.”

“चुकले दादा.”

“मला हाक मारायची होती. चहा काय, पळून जाणार होता?”

शनिवारी, रविवारी आणि सोमवारी आम्ही पहिल्यापासून सगळं केलं. दोनशे बारा मोजण्या. या वेळी दादांनी मला एकही सूचना दोनदा वाचायला लावल्याशिवाय सोडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातली मटकी माझ्या ताटात वाढली, तेव्हा मला जरा श्वास घेता आला. सोमवारी संध्याकाळी सगळे आकडे बरोबर आले. दादांनी पट्टी ओढली.

मंगळवारी अमीन सरांनी बोलावलं. टेबलावर एक कागद होता.

“तीन महिने तुम्हाला सही करता येणार नाही. बेंगळुरूचा निर्णय, मलाही मान्य आहे.”

“हो सर.”

“या तुकडीत तुमचं नाव नाही.”

“हो सर.”

“आता पुढचं ऐका, लगेच उठू नका. मी कळवलं होतं, या बाई चाचणीनंतर जोड उघडतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन स्वतः सांगतात. पहिल्या गोष्टीची शिक्षा झाली. दुसऱ्या गोष्टीवर ते म्हणतात, तीन महिन्यांनी पुढची तुकडी निघेल, तेव्हा पाठवा. केबिनमध्ये शेवटचा हात फिरवणारी माणसं कमी नाहीत. आपलंच चुकलं म्हणणारी शोधावी लागतात.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “तोवर हे लिहा. खात्री वाटली नाही तर कुणाला बोलवायचं, काय नोंदवायचं, मग कसं उघडायचं. आपल्या नियमांत हे नव्हतं. शंका येणार हे आपण धरलंच नव्हतं.”

मी बाहेर येऊन घरी फोन केला. सासूबाईंना सांगितलं. बेंगळुरूला सहा आठवडे राहावं लागेल, हेही सांगितलं. उत्कर्षाला सोडून सहा आठवडे, हे इतके दिवस मी स्वतःशीसुद्धा मोजलं नव्हतं.

“उत्कर्षा तोवर धरून चालेल,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“समाधानला काही सहा आठवडे रजा मिळायची नाही. राहील इथे, खाईल मेसचं.” पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. “मला एवढंच सांग, तिकडे घर तळमजल्यावर मिळेल का? माझे गुडघे जिने चढत नाहीत.”