नखावरची रेघ

माझा कुणावर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी सुतार आहे. फळी घेताना दोन्ही टोकांना वाजवून बघतो, दुकानदाराची पट्टी बाजूला सारून माझी लावतो, आणि गिऱ्हाइकानं 'सावकाश द्या, घाई नाही' म्हटलं की याचा डाव काय असेल, याचा विचार करत बसतो. बायको म्हणते, "तुम्ही आरशालासुद्धा विचाराल, हा नक्की मीच ना?"

अशा माणसाला तिनं कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. कारण काय, तर डाव्या अंगठ्याच्या नखात एक काळा पट्टा. आता सुताराचं एखादं नख काळं नसेल तर तो सुतार कसला! हातोडी बसते, रक्त साकळतं, नख वाढतं तसा डाग पुढे सरकतो, एक दिवस नखाबरोबर कापला जातो. आमच्यात याला कुणी दुखणं म्हणत नाही. पण ही हटून बसली. "बाकीचे डाग पाच-सहा महिन्यांत जायचे. याला वर्ष होत आलं. आणि हा रुंद होतोय." मेडिकलवाल्यानं नखाच्या बुरशीचं म्हणून दिलेलं मलम दोन महिने चोळून झालं होतं. अंगठा मऊ झाला, पट्टा होता तिथेच.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या मला वास आला. फिनेलचा नव्हे, धंद्याचा. भिंतीवर गोऱ्या गालांची चित्रं, कपाटात क्रीमच्या ट्यूबा. बाकावर एक बाई मानेवर ओढणी घट्ट गुंडाळून बसली होती, तिच्या शेजारी ओठाजवळ कोड आलेला एक गृहस्थ, आणि एक कॉलेजातली मुलगी, मुरुमांनी गाल लाल झालेले. मला क्षणभर वाटलं, गर्दी दिसावी म्हणून बसवलेली माणसं असतील. ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काही बोलू नका." मी काही बोललोच नव्हतो. इतकी वर्षं संसार केला की माणसाला विचारही ऐकू येतात.

दार उघडंच होतं. डॉक्टरीणबाई त्या ओढणीवालीला रागावत होती. "कुणी दिलं हे मलम? यानं नायटा जात नाही, लपतो. वरून खाज थांबते आणि खाली तो पसरत राहतो." मला ते जरा आवडलं. मग वाटलं, आपल्याला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं बोलत असेल.

आमची पाळी आली. बाईनं अंगठा हातात घेतला, दिव्याचं भिंग नखावर टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिली. नखाच्या मुळाशी कातडीवरही काळसर छटा होती. "पॉलिश आहे," मी म्हटलं. तिनं स्पिरिटनं घासलं. छटा गेली नाही. मग तिनं मला बूट-मोजे काढायला लावले, दोन्ही तळपाय पाहिले, तळहात पाहिले.

"माझा अंगठा दुखत नाही," मी म्हटलं.

"दुखत नाही, हेच मला आवडलेलं नाही," ती म्हणाली. "हा मार नसावा. मेलानोमा असू शकतो. कातडीचा कर्करोग. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली निघतो. तुकडा काढून तपासायला हवा. तोच असेल आणि वेळेत सापडला, तर एखादं पेर जाईल, माणूस राहील. उशीर झाला तर माणसाचंही सांगता येत नाही."

मी हसलो. घाबरलो की मी हसतो. डावा अंगठा म्हणजे माझा अर्धा धंदा. उजवा हात नुसता घाव घालतो. खिळा डावा अंगठा धरतो, फळी तो दाबतो, रंधा मारलेली कड तो चाचपतो. आणि ही बाई पाच मिनिटांत त्याचं पेर मागत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सांगितलं, तुकडा देणार नाही, हा हातोडीचाच मार आहे.

मला वाटलं, आता भीती घालेल. तिनं टेबलावरून पातं उचललं. "ठीक आहे. तुम्ही सुतार आहात ना? मग रेघ ओढू." नखाच्या मुळाशी, कातडीला लागूनच, तिनं पट्ट्यावर एक बारीक आडवी चीर पाडली. "नख वाढेल तशी ही रेघ पुढे जाईल. तीन आठवड्यांनी रेघेच्या मागे नख स्वच्छ आलं, तर तुमची हातोडी खरी. काळं आलं, तर माझं ऐकायचं. तीन आठवडे, एक दिवस जास्त नाही. मला तेवढंही थांबणं पटत नाहीये."

हे मला पटलं. रेघ खोटं बोलत नाही. तरी घरी येऊन मी आमच्या पट्टीनं अंतर मोजून कारखान्याच्या दाराआड लिहून ठेवलं. उद्या बाईनं मापात घोळ केला तर?

पहिल्या आठवड्यात काही कळेना. दुसऱ्या आठवड्यात मी अंगठ्याला चिंधी बांधली. हिनं विचारलं, तेव्हा म्हटलं, कुसळ गेलं. विसाव्या दिवशी सकाळी कारखान्याच्या खिडकीशी उभा राहून चिंधी सोडली. रेघ दोन मिलिमीटर पुढे आली होती. तिच्या मागचं नख काळं होतं. पुढच्यापेक्षा जास्त काळं.

मी पट्टी उलटी करून मोजलं. चष्मा पुसून मोजलं. मग अंगठा बाकावर ठेवला, उजव्या हातात हातोडी घेतली आणि मारली. जाणूनबुजून, नेम धरून. दोन घाव.

ओरडलो नाही, पण चहा घेऊन आलेली ही दारातच उभी होती. किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. तिनं कप खाली ठेवला, अंगठा नळाखाली धरला. पाणी लाल झालं. माझ्या मनात आलंच, ही उद्या दवाखान्यात तोंड उघडणार.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं सुजलेला अंगठा पाहिला. नख निळं-जांभळं, रेघ कुठे आहे तेही दिसेना.

"हे कधी?"

"काल. काम करताना."

मी हिच्याकडे पाहिलं. ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

बाईनं भिंग लावलं, बाजूला ठेवलं. "अरेरे, फार दुखत असेल." आणि खरंच हळू हातानं तिनं ड्रेसिंग केलं. "आता ताज्या रक्तात काहीच कळत नाही. तुमची तयारी असेल तर मी तुकडा आजही घेईन. नसेल, तर आपला करार मोडला, त्यात तुमचा दोष नाही. सूज उतरू दे, नवीन रेघ ओढू. दीड महिन्यानं या." ती लिहायला लागली.

मी जिंकलो होतो. अंगठा शाबूत घेऊन उठायचं तेवढं बाकी होतं. पण उठवेना. ती मला पट्टी लावत नव्हती, वाजवून बघत नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा असं धडधडीत खोटं बोललो होतो, आणि या बाईला माझं दुखणं खरं वाटलं होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि लाजेच्या खाली भीती होती, ती तर पहिल्या दिवसापासूनच होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "रेघेच्या मागे काळं आलं होतं. काल मी पाहिलं. मग मीच मारली."

ती लिहायची थांबली. हिनं पदर सोडला.

"किती आलं होतं?"

"दोन मिलिमीटर. सगळं काळं."

बाईनं आधीचं खोडलं आणि मी सांगितलेलं माप तसंच लिहून घेतलं. मग विचारलं, "आज घेऊ?"

मी हात टेबलावर ठेवला.

रिपोर्ट नवव्या दिवशी आला. तोच होता. पण खोल गेला नव्हता; वरचं पेर काढलं तर पुरे होईल, काखेतली एक ग्रंथी तपासून तो पसरला नसल्याची खात्री करू, असं बाईनं सांगितलं. दीड महिना थांबलो असतो तर काय, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

दवाखान्याचा जिना उतरताना हिनं तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या सवयीला धरूनच विचारलं, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा ना?"

"नको," मी म्हटलं.

रिपोर्ट वाचताना ही रडली नव्हती. ते 'नको' ऐकून जिन्यातच खाली बसली आणि रडली.