पाव सूर

लाकडी क्लॅरिनेट आधी नाकाने तपासावी, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. अंगठा दाबून जोरात घासायचा आणि वास घ्यायचा. काडेपेटीचा वास आला तर ते कडक रबर. कसलाच आला नाही तर बहुधा प्लास्टिक. जुन्या तेलाचा मंद वास आला तरच पुढे बोलावं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून काळं प्लास्टिक उचलून "मास्तर, शिसवी आसा" म्हणत येणाऱ्यांना मी माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवतो. साखळी गावात मला खडूस म्हणतात आणि ते काही खोटं नाही.

गेल्या महिन्यात इब्रामपूरच्या शंभूची नात सिद्धी दुकानात आली. शाळेत शिकवते. तिने जुन्या टॉवेलात गुंडाळलेली क्लॅरिनेट काउंटरवर ठेवली.

"आजो म्हणता, फुकट जाव नको, ती बेसूर आसा," ती म्हणाली. "पण माका शिकाचा आसा. दुरुस्त होत काय, तुमी बघून सांगा."

"आजो वाजवता काय अजून?"

"खंयचो! माका कान नाय, म्हणता. माज्या जल्मात मी एकदाय आयकूक नाय."

त्याला कान नाही, हे त्याला सांगणारा मीच होतो.

सदतीस वर्षं झाली. देवळाच्या मंडपात जत्रेच्या नाटकाची तालीम चालली होती. पेटीवर मी, क्लॅरिनेटवर शंभू. प्रत्येक पदात त्याचा सूर माझ्या पेटीच्या वर जात होता. तिसऱ्या दिवशी मी भाता मिटला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "शंभू, तुका कान नाय. कित्याक लोकांक ताप देतस?"

तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमची पेटी खाली आसा."

अख्खा मंडप पोट धरून हसला. पेटी नवी कोरी होती, चार महिन्यांपूर्वीच आणलेली. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. शंभूने त्या वर्षी नाटकात वाजवलं नाही आणि पुढेही कुठे वाजवल्याचं ऐकलं नाही.

आता तीच क्लॅरिनेट माझ्यासमोर होती. अंगठा घासला. तेलाचा वास. म्हणजे लाकूड. उन्हात धरून बघितलं, रेषा बारीक आणि सरळ होत्या. वरच्या तुकड्यावर तडा शोधला. गार लाकडाला गरम श्वास आधी तिथेच लागतो, त्यामुळे जायचा तर तडा तिथेच जातो. गेलेला नव्हता. दोन्ही तुकड्यांवर क्रमांक एकच. चाव्यांखालच्या गाद्या कसरीने खाल्ल्या होत्या, पण त्या बदलता येतात. वस्तू अस्सल आहे, असं मी सिद्धीला सांगणारच होतो.

तेवढ्यात तोंडाजवळचा आखूड तुकडा सोडवला आणि आत दोरा दिसला. सांध्याचं बूच झिजलं की वादक त्यावर दोरा गुंडाळतात, त्यात नवल नाही. पण हा बुचावर नव्हता. सांध्याच्या खांद्यापाशी, करंगळीच्या नखाएवढा रुंद, मेण लावून घट्ट गुंडाळलेला. तुकडा पूर्ण आत बसूच नये म्हणून. मग बॅटरी लावून भोकं पाहिली. वरच्या चार भोकांना आतून मेणाचे पातळ थर दिलेले होते. हे सगळं सूर उतरवायला करतात.

ज्याला कान नाही, तो हे कशाला करील?

मी जुना ब्रश घेऊन कारखान्याचा छाप घासला. तेल-मळ निघाला आणि छापाखाली दोन अक्षरं दिसली. एच, पी.

"ह्येच्यार गॅसवाल्यांचा नाव कित्याक?" सिद्धीने विचारलं.

मला हसू आलं नाही. ती अक्षरं म्हणजे 'हाय पिच', चढा सूर. शंभरेक वर्षांपूर्वी लष्करी बँडसाठी अशी वाद्यं मुद्दाम चढ्या सुरात बनवत. दोरा जपून उलगडला, दोन गाद्या तात्पुरत्या बसवल्या आणि मोबाइलच्या काट्यावर स्वर मोजला. बरोबर पाव सूर वर. आजच्या पेटीशी ही कधी जुळली नसती, तेव्हाच्याही नाही. एक स्वर ओढून खाली आणावा तर दुसरा बिघडतो. शंभू एकटाच ते ऐकत होता आणि दोऱ्याने, मेणाने ते निस्तरत होता. हे ओळखणं माझं काम होतं. मला माझीच लाज वाटली.

"आज्याक सांगू काय?" सिद्धीने विचारलं.

"मीच येतंय," मी म्हटलं.

रविवारी तिच्या स्कूटरवर मागे बसून इब्रामपूरला गेलो. शंभू सोप्यावर सुपारी कातरत होता. मला पाहून त्याने अडकित्ता बाजूला ठेवला आणि बसायला पाट सरकवला. मी वाद्य त्याच्या हातात दिलं. त्याचं बोट आधी सांध्यावर गेलं.

"दोरो काडलात?"

"काडलंय. गरज नाय त्येची. ही घडवलीच चढी. पेटीबरोबर नाय जुळाची, पण एकटी वाजवली तर चोख आसा. पोरीक तू शिकय."

त्याने मान हलवली. "माका कान नाय, मास्तर."

येताना वाटभर मी बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना. सिद्धी दारात उभी होती. ती ऐकेल एवढ्या मोठ्याने मी म्हणालो, "शंभू, त्या दिसा माझी पेटी खाली होती."

त्याने सांध्यावरून पुन्हा बोट फिरवलं. काट्यावर काय मोजलं, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. सिद्धीलाही नाही.

"जास्त नाय, मास्तर," तो म्हणाला. "पाव सूर."