छपरावरचा वेल

मोझेल नदीकाठच्या त्या द्राक्ष-संशोधन केंद्रात रोझविता हिल्गर्स एकच गोष्ट सांगत राहायची. वेल साखरेपासून पायरीपायरीनं क जीवनसत्त्व तयार करतो आणि कच्च्या फळात तेच मोडून टार्टारिक आम्ल बनवतो. द्राक्षानं दात आंबतात ते त्यामुळे. विभागप्रमुख ओटमारला हे पटत नव्हतं. आम्ल थेट साखरेपासून होतं, मधे जीवनसत्त्व कशाला घुसडतेस, असं तो दर बैठकीत ऐकवायचा. लोक हसायचे. तीही हसायची, पण त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

आपलं म्हणणं खरं ठरवायला तिला एक बिघडलेला वेल हवा होता. ज्याच्यात ही मोडतोडच अडली आहे, ज्याच्या फळात आम्ल नाही आणि क जीवनसत्त्व मात्र साचलंय, असा. उन्हाळाभर ती मळ्यातले वेल तपासत राहिली. रीसलिंग, एल्बलिंग, रानवेल. सगळे ठार आंबट.

ऑगस्टमध्ये सायकलींच्या छपरावरचा शोभेचा वेल काढायचं ठरलं. पूर्वेकडच्या देशातून आणलेला, कातरलेल्या पानांचा वेल होता तो. कूळ द्राक्षाचंच, पण त्याची फळं तपासावीत असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माळी लुड्गर कात्री घेऊन शिडीवर चढला आणि सायकल काढता काढता रोझविता थबकली. तिनं त्याला खाली उतरवलं. भिंत ओल धरतेय, त्याचं काय, असं तो पुटपुटत राहिला. तिनं ओंजळभर हिरवी फळं तोडली आणि सायकल तिथंच टाकून ती प्रयोगशाळेत गेली.

आम्ल जवळजवळ नव्हतंच. क जीवनसत्त्व भरपूर.

ओटमारनं आकडे पाहिले. "त्याला आम्ल करताच येत नसेल. एवढ्यानं काय सिद्ध होतं?"

"येतं त्याला. मधली एकच पायरी अडलीय. जीवनसत्त्व मोडल्यावर त्या पायरीनंतर जे तयार व्हायला हवं ते आयतं दिलं, तर पुढचं तो करेल."

"दाखव मग."

तिनं फळांसकट काही डहाळ्या कापल्या. अर्ध्यांचे देठ नुसत्या पाण्यात ठेवले, उरलेल्यांच्या पाण्यात तो पदार्थ विरघळवला. मग फळांचा रस काढून तपासणीच्या कागदावर चढवला; त्यावर प्रत्येक आम्लाचा डाग आपापल्या ठरलेल्या जागी उमटतो. साध्या पाण्यातल्या फळांची जागा कोरीच राहिली. दुसऱ्या फळांच्या रांगेत, टार्टारिक आम्ल जिथं दिसायला हवं नेमक्या तिथं, ठळक डाग उमटला. रोझविता स्टुलावर बसली आणि एकटीच मोठ्यानं हसत सुटली.

ओटमारनं कोट काढला, बाह्या सारल्या आणि सगळा प्रयोग स्वतः पुन्हा केला. डाग तिथंच आला.

पुढच्या बैठकीत तो आधी उठला. "मी इतकी वर्षं हिला वेड्यात काढत होतो," तो म्हणाला. "मी चुकलो. बोल, रोझविता."

ती फळ्यापर्यंत पोचायच्या आधीच टेबलांवर, तिथल्या रिवाजाप्रमाणे टाळ्यांऐवजी, मुठी वाजायला लागल्या होत्या. खडू हातात धरून ती उभी राहिली. मुठी थांबेनात, आणि थांबाव्यात अशी तिलाही घाई नव्हती.