दिवेलागणीची टकटक

अंबाडी नाक्याच्या अलीकडे, वाडा रोडला लागूनच हरेशचं गॅरेज. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्यांचं घर, मध्ये तुळस. गाडी ट्रकवाल्याची असो, गोडाऊनच्या मॅनेजरची असो, नाहीतर वज्रेश्वरीला निघालेल्या एखाद्या भाविकाची. शेडमध्ये मुक्कामाला राहिली की ती त्याच्या बायकोच्या, नेत्राच्या लेखी पाहुणी. दिवेलागणीला घरातल्या देवाला, मग तुळशीला आणि मग शेडमधल्या एकूण एक वस्तूला ती धूप दाखवायची. पान्यांच्या फळीला, जॅकला, हवेच्या कॉम्प्रेसरला आणि शेवटी गाड्यांना. गाडीत देव बसवलेला असला तर दार उघडून त्यालाही. दारात आलेला देव तसाच अंधारात ठेवून आपण जेवायचं कसं, असं तिचं म्हणणं.

आणि हे सगळं मुक्यानं.

लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात हरेशला कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे, अंगात उभं राहायचं बळ नाही, डॉक्टर नीट काही सांगेनात. तेव्हा नेत्रा वज्रेश्वरीच्या पायऱ्यांवर बसून देवीला बोलली होती, ह्यांना उठव, मी रोज दिवा लावल्यापासून धूप फिरवून होईस्तोवर तोंडातून अक्षर काढणार नाही. हरेश उठला. नेत्रानं शब्द पाळला. माहेरी वडील गेल्याचा फोन नेमका त्याच वेळेत आला, तेव्हाही फोन कानाशी धरून, डोळ्यांतून पाणी गाळत ती धूप फिरवत राहिली होती. भाऊ पलीकडून "ताई, ऐकतेयस ना?" म्हणून ओरडत होता.

तशीही ती बोलायची हळूच. "नेत्रा बोलली का वारा आला, काय कळत न्हाय," असं हरेश हसत म्हणायचा. मौनाच्या वेळात त्याला काही सांगायचं झालं तर गाडीच्या पत्र्यावर बोटांनी दोनदा टकटक. म्हणजे चहा ठेवलाय. तो गाडीखालून ओरडायचा, "आलो गं, झाकून ठेव." ह्यापलीकडे त्या वेळात सांगण्यासारखं काही कधी घडलंच नव्हतं.

कुणाल आला तो बुधवार होता. पडघ्याकडचा पोरगा, बापाच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली तशी घरात गाडीमागून गाडी आलेली. ही काळी, परदेशी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली, पण आरशासारखी तुकतुकीत. शेडमध्ये शिरली ती आवाज न करता.

"हरेशदादा, परवा हळद हाय माझी," चावी फिरवत तो म्हणाला. "गाडी जमिनीला टेकली पायजे. वरातीत सगळ्यांनी मान वाकवून बघितली पायजे."

"तू तरी मान ताठ ठेवशील का, का बायको आल्यावर तूच वाकशील?" हरेश म्हणाला.

"ते नंतर बघू. आधी गाडी वाकव."

हरेश गाडीभोवती फिरला. बसून चाकाच्या वर हात घातला, बोटं मोजली. "हवेवरची हाय ही. स्प्रिंग कापायची न्हाय, काय न्हाय. रॉड बदलले की झालं."

"आणलेत," म्हणून कुणालनं डिकीतून खोका काढला. आत चार बारीक लोखंडी काड्या होत्या, दोन्ही टोकांना गोळ्या आणि मध्ये पिळून लांब-आखूड करायची सोय. नेत्रा पाणी घेऊन आली होती. तिला वाटलं, एवढ्याशा काडीनं एवढी गाडी खाली बसणार?

दुपारी जेवताना तिनं तेच विचारलं.

"गाडी हवेच्या फुग्यांवर उभी असते," भाताचा घास कालवत हरेश म्हणाला. "आपण किती उंच हाय ते तिला दिसत न्हाय. प्रत्येक चाकापाशी एक काडी असते, ती तिला सांगते. आपण काडी लांब करायची. मग गाडीला वाटतं, अरे, मी फारच उंच झाली. मग ती आपणच हवा सोडते नि खाली बसते."

"म्हणजे खोटं सांगायचं तिला."

"आता गाडीला कसलं खरं नि खोटं!"

"तरी पण अहो," नेत्रा म्हणाली, "विश्वासानं उभी असते ना ती."

हरेश हसला. ताटात आणखी आमटी वाढायला त्यानं वाटी पुढं केली. तिनं वाढली आणि तो विषय तिथंच राहिला.

दुपारभर काम चाललं. पुढच्या दोन्ही काड्या बसल्या, मागची एक बसली. कुणाल खुर्ची टाकून मोबाइलवर हळदीच्या गाण्यांची यादी बघत होता. शेवटची काडी उरली ती मागच्या उजव्या चाकाची, भिंतीच्या बाजूची. हरेशनं गाडी बटणानं पुरती उंच केली, बंद केली आणि भिंत नि गाडी ह्यांमधल्या फटीतून पाठीवर सरकत आत गेला. गाडीखाली आधाराचे ठोकळे लावले नव्हते. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असल्याशिवाय काडीचं माप बरोबर येत नाही. ठोकळ्यांवर घेतली तर ते चुकतं.

"कुणाल, मी खाली हाय तोवर दाराला हात लावू नको. आता झोपलीय ती. दार उघडलं-लावलं की जागी होते, माप घेते नि खाली बसायला लागते."

"लावतोय कशाला?"

नेत्रा तेव्हा घरात देवाची भांडी घासत होती. हरेशला वाटलं होतं, दिवेलागणीच्या आत काम उरकेल.

उरकलं नाही. जुन्या काडीचा नट गंजलेला होता, पान्याखाली त्याच्या कडाच उडाल्या. हरेशनं खालूनच सांगितलं, "नाक्यावर बाळारामच्या दुकानात ह्या मापाचा नट मिळेल. माझी बाईक घे." कुणाल बाईक घेऊन गेला. जुना नट कसाबसा सोलून काढत हरेश आतच राहिला. मोबाइलचा टॉर्च त्यानं छातीवर टेकवला होता.

नेत्रानं दिवा लावला. ओठ मिटले. देवाला धूप झाला, तुळशीला झाला. धूप नि दिवा एका तबकात घेऊन ती शेडमध्ये आली तेव्हा रिकामी खुर्ची दिसली, आणि बाईक जागेवर नाही. दोघं नाक्यावर गेले असणार. हरेश काम करत असला की त्याचे पाय नेहमी तिच्या बाजूला बाहेर आलेले असायचे, धुळीत रुतलेल्या टाचा. आज पाय नव्हते. ते भिंतीकडे होते.

तिनं फळीला धूप दाखवला, जॅकला दाखवला, कॉम्प्रेसरला दाखवला. काळ्या गाडीच्या पुढच्या काचेशी पितळी गणपती होता, कुणालच्या आईनं बसवलेला. त्याला सकाळचं जास्वंद तसंच होतं, कोमेजलेलं. नेत्रानं हळूच दार उघडलं. आत मऊ दिवा लागला, कुठंतरी टिंग झालं. तिनं कोमेजलेलं फूल काढून पदरात घेतलं, धूप ओवाळला, मनात नमस्कार केला. मग दार लावलं, तेही हळूच, पाहुण्याच्या घराचं लावावं तसं.

फुस्स असा आवाज आला, लांबून कुणी श्वास सोडावा तसा. गाडी मागून हलली. खाली बसायला लागली.

नेत्रा मागं सरली. एक क्षण तिला खरोखरच वाटलं, गाडी दिव्यापुढं वाकतेय. तिची मान आपसूक लवली.

मग तिला गाडीखालची उजेडाची पट्टी दिसली. हातातल्या दिव्यामुळं ती आधी लक्षात आली नव्हती. जमिनीवर पांढरी पट्टी होती, आणि ती बारीक होत चालली होती.

तिनं पत्र्यावर टकटक केली. दोनदा.

"आलो गं," खालून आवाज आला. "झाकून ठेव."

तिनं पुन्हा टकटक केली, जोरात. तळहातानं. पट्टी दोरीएवढी झाली. खालून "अगं हो—" एवढंच आलं, आणि मग पान्याचा आवाज.

तेव्हा ती ओरडली. तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. तबक हातातून पडून दिवा विझला होता. रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरची माणसं पळत आली, कुणी मराठीत, कुणी हिंदीत ओरडत, "पीछे से पकड, पीछे से!" त्यांनी गाडीला हात घातले, उचलली, सुटली, पुन्हा उचलली. कुणाल नट घेऊन परत आला तेव्हा हरेशला पायांना धरून बाहेर काढत होते. छातीवरचा टॉर्च अजून चालू होता.

ठाण्याच्या हॉस्पिटलात फासळ्या, फुप्फुस असं काही काही सांगितलं. उजव्या हाताचं सांगायला डॉक्टरनं वेळ घेतला. दंडापासून खाली तो चाकाच्या दांड्यात सापडला होता. हात राहील, पण कामाचा राहणार नाही.

माणसं भेटायला यायची. नाक्यावरचा बाळाराम नारळ घेऊन आला. "वहिनी, देवीनंच वाचवला," तो म्हणाला. "तुमचं एवढं कडक मौन. त्या पुण्याईनं राहिला गडी." नेत्रा मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. पुण्याई म्हणजे काय ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? देवीनं माणूस दिला होता. त्याला हाक मारायची वेळ आली तेव्हा हिनं पत्रा वाजवला होता.

कुणालही आला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, हातावर हळदीचे पिवळे डाग तसेच. बिचारा रडत होता. रडता रडता बोलून गेला, "वहिनी, दार लगेच परत उघडलं असतं ना, तर तिथल्या तिथं थांबली असती गाडी. दार उघडं असलं की ती हलत न्हाय."

त्याची आई ललिताबाई सोबत होती, तिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. पण बोललं ते बोललंच. दार नेत्राच्या हाताशी होतं. गाडी बसत होती तेवढा सगळा वेळ दार तिच्या हाताशीच होतं.

हरेशच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क निघायच्या आदल्या संध्याकाळी नेत्रा खिडकीशी बसली होती. बाहेर दिवे लागत होते. तिचं तोंड आपसूक मिटलं होतं. पलंगाच्या लोखंडी कडेवर आवाज झाला.

टकटक. दोनदा.

हरेश तिच्याकडे बघत होता. डाव्या हाताचं बोट कडेवर होतं. मास्कच्या वर डोळे बारीक झाले होते. हसत होता का दुखत होतं, तिला कळलं नाही. त्याला चहा हवा होता? का तो विचारत होता, तेव्हा तू हेच सांगत होतीस ना?

ती उठली. दिवेलागण होऊन गेली नव्हती, व्रताची वेळ होती. ती त्याच्या कानाशी वाकली आणि बोलली. "मी हितं हाय अहो. मी आधीच ओरडायला पायजे होतं. मी टकटक केली."

त्यानं डोळे मिटले. डावं बोट पुन्हा कडेवर वाजलं, या वेळी एकदाच. तो त्यांच्यात कशाचाच इशारा नव्हता. पुढं घरी आल्यावरही तिनं त्याचा अर्थ विचारला नाही आणि त्यानं सांगितला नाही.

आता गॅरेज मनोज बघतो, हरेशचा मावसभाऊ. काळी गाडी जमिनीला टेकूनच चालते म्हणतात. नेत्रानं ती पुन्हा पाहिली नाही. हरेश शेडच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतो, उजवा हात मांडीवर, कुणी आणून ठेवावा तसा. पाना मागितला तर कुठल्या फळीवर हाय ते सांगतो.

दिवेलागणीला नेत्रा धूप घेऊन येते. वज्रेश्वरीला जाऊन तिनं देवीला सांगून टाकलं आहे, की ते व्रत मी मोडलं, माझ्याच्यानं आता होणार नाही, शिक्षा द्यायची ती मला दे. देवी काय म्हणाली ते तिला कळलं नाही. तिनं आपल्यापुरतं दुसरं धरलं. आता ती शेडमध्ये शिरल्यापासून बोलत असते, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात. प्रत्येक गाडीपाशी थांबते आणि विचारते, "खाली कुणी हाय का?"

"वहिनी, ती स्कूटर हाय," मनोज हसतो. "तिच्याखाली कोण मावणार?"

नेत्रा त्याच्याकडे बघत नाही. धूप वर धरून तशीच उभी राहते.

"न्हाय गं," उंबऱ्यावरून हरेश सांगतो. "खाली कुणी न्हाय."

मग ती धूप ओवाळते आणि पुढच्या गाडीपाशी जाते. दार मात्र ती आता कुठल्याच गाडीचं उघडत नाही. आतल्या देवाला काचेबाहेरूनच हात जोडते.