बिटाची लाली

गजराबाईंच्या घरात एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. बाईने झोपेतले तोंड घेऊन उंबऱ्याबाहेर येऊ नये. आधी तोंडावर पाणी, केसांना फणी, कपाळाला कुंकू, मग चहाचे आधण. अंगात ताप असो, शेतात केळीचे घड उतरवायला माणसे येऊन उभी राहिलेली असोत, त्यात सूट नव्हती. वैधव्य आल्यावर गजराबाईंचे स्वतःचे कपाळ मोकळे झाले. पण पांढऱ्या केसांचा अंबाडा तसाच घट्ट राहिला आणि पातळाची निरी तशीच सरळ. शहाद्याच्या एसटीतून अवेळी उतरलेल्या पाहुण्यालाही त्या कधी विस्कटलेल्या दिसल्या नाहीत.

थोरली सून दीपमाला या नियमात चांगली मुरली होती. खोट एकच होती. तिचे कुंकू नेहमी किंचित डावीकडे लागे. गजराबाई देवघरातूनच म्हणत, "सरळ कर."

"तुमी सांगाले शेतस ना, आत्याबाई," दीपमाला हसून म्हणे आणि आरशापुढे जाऊन ते नीट करी. इतक्या वर्षांत ना तिचा हात सुधारला, ना सासूचे सांगणे थांबले.

गेल्या साली दीपमालाच्या छातीच्या गाठीचे ऑपरेशन झाले. ती उठली, हिंडू-फिरू लागली, लोणची-पापडही तिने घातले. सगळ्यांनी देवाला नारळ फोडला. दिवाळीनंतर पाठ दुखू लागली तेव्हा कळले की दुखणे हाडांत उतरले आहे. पुढे डॉक्टरांनी दीपमालाच्या नवऱ्याला, नवनीतला, बाजूला घेऊन सांगितले की आता घरीच न्या, आवडेल ते खाऊ घाला. नवनीत गाडीत बसून लहान मुलासारखा रडला. गजराबाई रडल्या नाहीत. त्यांनी ओसरीलगतच्या, सकाळचे ऊन येणाऱ्या खोलीत सुनेची खाट घालून घेतली.

त्याच आठवड्यात दीपमालाची लेक स्वप्नाली सुरतेला, सासरी, दुसऱ्यांदा बाळंत झाली. आईचे ऑपरेशन झाले आणि आई बरी झाली, एवढेच तिला ठाऊक होते. दीपमालाने सासूचा हात धरला.

"कच्चं अंग शे तिन्हं. आयकीसन दूध आटी जाई. सवा महिना व्हऊ द्या, मंग सांगा. मले वचन द्या."

गजराबाईंनी वचन दिले. दिलेला शब्द त्यांनी आजवर मागे घेतलेला नव्हता.

पण स्वप्नालीचा फोन रोज येई, बाळाची अंघोळ झाली की, आणि त्या फोनमध्ये तोंड दिसे. दीपमालाला आता हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. पहिल्या सकाळी ती उशीवर मान टाकून म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. जीव नही अंगमा."

"तुन्हा जीव कोन मांगी ऱ्हायनं? तू नुसती पडी ऱ्हाय. हात मन्हा शे."

मग रोजचा परिपाठ ठरला. थकलेल्या देहाला सोसेल तेवढाच. गजराबाई ऊन पाण्यात पंचा पिळून सुनेच्या तोंडावर पसरून ठेवीत. त्या उबेने रात्रभर आवळलेला जबडा सैल होई, पापण्यांची सूज उतरे. चोळायचे नाही, नुसते टिपायचे. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. मग फुटलेल्या ओठांवर आणि गालांवर दुधाची साय. डोळ्यांच्या कडेला काजळाची बारीक रेघ. विरळ केसांवरून पदर कानापर्यंत ओढून घेतला की डोके झाकले जाई. शेवटी बिटाचा ताजा काप घेऊन तो गालांवरून आणि ओठांवरून फिरवायचा. ती लाली पावडरीसारखी वर बसत नसे. आतून आल्यासारखी दिसे.

कुंकवाला मात्र गजराबाई हात लावीत नसत. सवाष्णीच्या कपाळाला विधवेने बोट लावायचे नाही, हे त्यांनी कोणी न सांगता पाळले होते. त्या दीपमालाचे मनगट धरीत, तिचे बोट करंड्यात बुडवीत आणि कपाळापर्यंत उचलून नेत. कुंकू सुनेच्याच बोटाने लागे, पण आता ते मधोमध लागे.

"पहाले गयं तर," दीपमाला आरशात पाहून म्हणाली, "लगीनमा बी मी इतली देखनी नव्हती."

"लगीनमा तू काळी ठिक्कर व्हती," गजराबाई म्हणाल्या. "मीच पसंत करी म्हनीसन निभावनं."

दीपमाला हसली आणि हसण्याने दमून गेली. मग दोघी फोनची वाट पाहत बसल्या.

फोनवर स्वप्नाली खूश होती. आजीला ती मोठी माय म्हणे. "आई, तुन्हं तोंड कितलं मस्त दिखी ऱ्हायनं! पार्लरमा जास का काय?"

"तुन्ही मोठी मायनं घरमाच पार्लर उघाडं शे."

"मंग मन्हाबी नंबर लावी ठेव मोठी मायकडे. मन्हं तर डोकं ईंचराले येळ नही."

बाळाचे तोंड दिसे, त्याची जावळे दिसत, तोवर दीपमाला ताठ बसे. फोन बंद झाला की गजराबाई तिच्या पाठीमागची उशी काढून घेत आणि तिला हळूच आडवी करीत. मग दुपारपर्यंत ती डोळे उघडत नसे.

सवा महिना सरला. त्या सकाळी दीपमालाने गाल पुढे केला नाही. "आते तिले सांगी द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "मले तिले एकडाव पोटशी धरानी शे."

गजराबाईंनी पंचा पिळला, साय लावली, बिटाचा काप फिरवला आणि तिला उन्हाकडे वळवून पाहिले. गाल भरलेले वाटत होते. ओठ ओले, टवटवीत होते. डोळ्यांत पाणी होते, पण काजळाच्या कडेत ते तेजासारखे चमकत होते. आपल्याच हाताने आणलेली ती कळा गजराबाई पाहत राहिल्या आणि त्यांच्या मनात आशा शिरली. मुलीचे दूध पुरते बसले नसेल. बाळ अजून वाऱ्याला काढण्याजोगे नसेल. आणि ही तर आज बरी दिसते आहे.

"चार दिन थांबूत," त्या म्हणाल्या. "तुन्ही तब्येत सुधरी ऱ्हायनी. मी देखी ऱ्हायनी ना."

दीपमालाने त्यांच्याकडे पाहिले. आयुष्यभर तिने त्या शब्दापुढे शब्द काढला नव्हता. आताही काढला नाही. फोन वाजल्यावर ती लेकीकडे पाहून हसली.

"आई, तू बरी शे तर मी होळी व्हवावर येस," स्वप्नाली म्हणाली. "सासूबाई बी म्हनतीस, घाई कसाले?"

"हा, बेटा," दीपमाला म्हणाली. "घाई नही."

दोन दिवसांनी, सकाळचा सगळा परिपाठ उरकल्यावर, गजराबाईंनी तिचे मनगट उचलले तेव्हा ते जड लागले. बोट करंड्यात तसेच राहिले. खोलीत ऊन आले होते आणि दीपमालाच्या गालांवर लाली होती. फोन वाजू लागला. तो वाजून वाजून थांबला.

तो नवनीतने उचलला नाही. पुन्हा वाजला तेव्हा गजराबाईंनीच घेतला, फोन कानाला लावून, तोंड न दाखवता.

सुरतेहून नवापूरच्या रस्त्याने गाडी पोहोचेपर्यंत दुपार कलली. तोवर गजराबाईंनी कोणाला पाणी घालू दिले नव्हते. गल्लीतल्या बायका ओसरीवर मळवट भरण्याचे सामान घेऊन बसल्या होत्या. स्वप्नालीने बाळ कोणाच्या तरी हाती दिले आणि ती खाटेपाशी येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. आईकडे बघून गोंधळलेल्या स्वरात म्हणाली,

"पण ही तर चांगली शे. काल अशीच दिखनी. काल हासनी मन्हासंगे."

तिने आईच्या गालाला बोट लावले. बोटाला लाल लागले. स्वप्नालीने ते बोट उजेडात धरले, मग आजीकडे पाहिले.

"मोठी माय, हाई काय शे?"

"बीट," गजराबाई म्हणाल्या.

"कवयपासून?"

"तुन्हं बाळ झायं तवयपासून."

स्वप्नाली खाली बसली. ओसरीवरची एक बाई पुढे सरसावली, तिला गजराबाईंनी नुसत्या नजरेने मागे लोटले.

"मले तिन्हं खरं तोंड देखनं शे," स्वप्नाली म्हणाली.

गजराबाईंनी दार लोटून घेतले. पाणी ऊन केले, पंचा पिळला. हात तोच होता, पाणी तेच होते. आधी ओठ टिपले. मग काजळ. मग एक गाल, मग दुसरा. पंच्यावर गुलाबी डाग पडत गेले आणि त्याखालून पिवळे, खोल गेलेले, हाडांना चिकटलेले तोंड वर आले. डोक्यावरचा पदर त्यांनी मागे सारला. काळजीपूर्वक झाकलेले ते सगळे उघडे पडले.

गजराबाईंनाही ते तोंड नवीनच होते. रोज पंचा घालत असताना, साय लावताना, त्यांनी ते पाहायचे टाळले होते.

स्वप्नालीने आईच्या गालावर आपला गाल ठेवला. "माय वं," ती म्हणाली, "मले बोलावं नही तू. मले काबर नही बोलावं?"

"ती बोलावत व्हती," गजराबाई म्हणाल्या. "सवा महिना व्हयना त्या दिन बोलनी, आते सांगा. मीच थांबाडं."

त्यांनी क्षमा मागितली नाही. मागून मिळण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

दार उघडले, बायका आत आल्या. पाणी घातले गेले, हिरवे लुगडे नेसवले गेले. कुंकवाचा करंडा पुढे आला तेव्हा गजराबाईंनी तो घेतला आणि नातीपुढे सरकवला. "तू लाव. लेक शे, सवाष्ण शे."

स्वप्नालीने बोट बुडवले आणि आईच्या कपाळावर टेकवले. बोट सरकले, की तिला आईचाच हात मिळाला होता, कोण जाणे. कुंकू किंचित डावीकडे लागले.

"सरळ कर वं, पोरी," मागून एक बाई म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या," गजराबाई म्हणाल्या. "तिन्हं तसंच ऱ्हास."