झाकणावरचं कुंकू

जैनुद्दीन चाचांनी माझ्या खिशातल्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि पुसायला फडकं उचललं. मी त्यांचा हात धरला.

"ते पुसू नका."

"पुंजारामभाऊ, या कुंकवाचे कण चाकात पडून राहिले. म्हणून बंद हाय ते."

ते मला दिसत होतं. विलायतेत कापसाला मागणी वाढली, तेव्हा आमच्यासारख्या कास्तकारांकडेही घड्याळं आली. माझ्या घड्याळाला किल्ली द्यायची माझी बायको वच्छला. दिवा लावला की किल्ली द्यायची आणि कानाशी धरून बसायची. मागच्या खंडेनवमीला आम्ही नांगर-विळे पूजले. तिने घड्याळही पूजलं, झाकण उघडून आतून ओल्या बोटाने कुंकू लावलं. उन्हाळ्यात पटकीच्या साथीत ती गेली. तिच्या बोटाची खूण तेवढी राहिली.

"नाही पुसलं त आज साफ करीन, परवा पुन्हा बंद पडीन," चाचा म्हणाले.

"मंग मले शिकवा. जितक्या खेपी बंद पडीन, तितक्या खेपी मीच साफ करीन."

अमरावतीच्या कापूसबाजाराला लागून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बाजाराच्या दिवशी मी तिथे बसू लागलो. मोहरीपेक्षा बारीक पेच, तो चिमट्यातून उडायचा आणि मी धोतर झटकत बसायचो.

"नांगर धरल्यासारका चिमटा काहून धरता? तो पळून नाही चालला."

"चिमटा नाही पळत. पेच पळते."

एकदा मी घरच्या कापसाने चाकं पुसली. सरकी काढलेला, पांढरा स्वच्छ कापूस. त्याचे तंतू दात्यांत गुंडाळले गेले. चाचांनी भिंगातून पाहिलं. "यात पेरणी केली काय?"

पुढे चाकं कोरडी वाटली म्हणून बैलगाडीच्या आखाला देतात तसं स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल सोडलं. ते झाकणावरही ओघळलं. संध्याकाळपर्यंत घड्याळ चाललं. मला वाटलं, जमलं. मग बंद पडलं. तेवढ्यात वेचणी आली, बाजाराला जाणं राहिलं. वेचणी संपल्यावर झाकण उघडलं, तर चाकं डिंकाने चिकटवल्यासारखी.

दुकानात नेल्यावर चाचा फार बोलले. "जवस? हे वंगण नाही, दाराले लावाचं तेल हाय. वाळते आन् घट्ट होते."

"राहू द्या," मी म्हणालो. "माह्या हातचं काम नाही हे."

झाकण उजेडाकडे धरून त्यांनी कुंकवावर अंगठा घासला. अंगठ्याला लाल काही लागलं नाही. मग नखाने खरवडलं.

"निघून नाही राहिलं."

मीही घासून पाहिलं. वच्छलाची खूण होती तिथेच होती, थोडी काळपट झालेली.

"लाकडावर रंग बसते तसं तेलात बसलं," चाचा म्हणाले. "आता कण नाही पडत. पुसाचं कामच नाही."

मी झाकण जपून बाजूला ठेवलं. मग विचारलं, "आन् चाकं?"

"चाकं तुमी चिकटवली, तुमीच सोडवा." त्यांनी चिमटा माझ्यापुढे टाकला. "कमीत कमी महिना जाईन. चिडाचं नाही."

मी चिडलेलोच होतो. पहिला पेच सैल केला, चिमट्यात धरला, आणि तो उडून चाचांच्या दाढीत गेला.

"हालू नका," मी म्हणालो.